सहा मिलिमीटरांचा अविश्वास

आजोबांच्या पेटीतील पितळी पुंगळीच्या बुडावर ‘के एफ’ आणि ‘४३’ असे ठसे आहेत: खडकीचा कारखाना, १९४३. हे लष्कराचे .३०३, म्हणजे थ्री-नॉट-थ्रीचे काडतूस. आजोबांनी ते आपल्या परवान्याच्या .३१५ रायफलीतून झाडले, अशी शिकारकथा मी मित्रांना वर्षानुवर्षे ऐकवली.

परवा पुंगळीला मोजपट्टी लावली. लांबी सुमारे ५६ मिलिमीटर भरली; .३१५ ची पुंगळी असते सुमारे ५०. लष्करी काडतूस त्या रायफलीत बसतच नाही, आणि ते बसू नये हाच हेतू होता. छावणीतून चोरलेला दारूगोळा खासगी रायफलींना उपयोगी पडेल, ही ब्रिटिश सत्तेची धास्ती होती. म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानात .३०३ खासगी वापरासाठी निषिद्ध ठरली आणि शिकाऱ्यांसाठी निराळ्या मापाची काडतुसे आली.

राज्य गेले, नियम मात्र उरला. स्वतंत्र भारतातही इशापूरच्या कारखान्याने नागरिकांसाठी .३१५ रायफलच घडवली.

ती पुंगळी पेटीत कोठून आली, हे आजोबांना विचारायचे राहूनच गेले. माझी शिकारकथा मात्र मी आज मागे घेतो.