ओट्यामागची भिंत

आमच्या धंद्यात तिला डॅडो म्हणतात. ओटा आणि वरची कपाटं यांच्या मधली दोन फुटांची पट्टी. घर नव्यानं करायचं म्हटलं की अंदाजपत्रकात ती पार शेवटी येते आणि दिवे तिच्याही खाली, 'इलेक्ट्रिकल, किरकोळ' या नावानं. चंद्रपुरात घरसजावटीची कामं घ्यायला लागले तेव्हा मीही तसंच लिहायचे. आता या दोन ओळी आधी लिहिते, आणि जोडून लिहिते.

हे मला शिकवलं आरमोरीकडच्या एका घरानं. पुढे मुलानं स्लॅब टाकलेला, मागे जुनं कवेलूचं घर तसंच उभं. मुलाला मागचा भाग पाडून मॉड्युलर किचन हवं होतं. मोजमाप घ्यायला गेले तेव्हा आजी जुन्या चुलीवर लाखोळीचे वडे तळत होत्या. चुलीमागची भिंत वरपर्यंत काळी. पण खालची हातभर पट्टी मात्र मातीनं नुकतीच पोतारलेली, अजून ओलसर. दर आठ दिवसांनी ती पट्टी नवी व्हायची. म्हणजे डॅडो होताच की! फक्त तो धुवायचा नव्हता, पुन्हा करायचा होता. आणि वरचा काळा धूर तरी फुकट कुठे जात होता? त्यानं छपराच्या बांबूला घुण लागू दिला नव्हता.

मी नमुन्यांची बॅग उघडली. आजींनी टाइल्सकडे पाहिलंच नाही. म्हणाल्या, "बाई, भिंत कोनतीबी लाव. आता पोराच्या सयपाकखोलीत ट्यूब पाठीमागं हाये. मी उभी रायली का माहीच सावली भाजीवर पडते. सांबार हिरवा हाये का सडला, थे दिसलं पायजे."

मी खाली बसले. त्याआधी मी जितकी स्वयंपाकघरं केली होती, त्या सगळ्यांत दिवा छताच्या मधोमध होता. रांधणारीच्या पाठीमागे.

बाहेरच्यांना इथल्या सांबाराचं नवल वाटतं. आमच्याकडे कोथिंबिरीलाच सांबार म्हणतात. ६५०० केल्विनच्या पांढऱ्याफटक दिव्याखाली तो टवटवीत दिसतो, पण हळद फिकी पडते. ३००० च्या पिवळसर दिव्यात फोडणी छान दिसते, सांबार मात्र काळपटतो. चार हजारांच्या आसपासचा, रंग खरे दाखवणारा दिवा घ्यावा. खोक्यावर सीआरआय नव्वदच्या वर असेल तर उत्तम, ऐंशीच्या खाली असेल तर परत ठेवून द्यावा. दिव्याची पट्टी कपाटाखाली भिंतीलगत लावू नये, पुढच्या कडेला लावावी. तसं केलं की उजेड हातावर पडतो, सावली पोटाशी राहते.

टाइल आणि दिवा वेगवेगळ्या दिवशी निवडल्याची शिक्षा मी चंद्रपुरातल्या एका घरात भोगली. भोगली म्हणजे, भोगली त्या घरातल्या वहिनींनी. काळी चकचकीत टाइल माझ्या हट्टानं लावली आणि महिन्यानं वायरमननं भिंतीलगत उघडी एलईडी पट्टी चिकटवली. रात्री बटण दाबलं की भिंतीत चमकत्या मुंग्यांची रांग. बोअरचं पाणी जड, प्रत्येक थेंबाचा पांढरा डाग. काळा ओटा, काळी भिंत, उजेड टाकावा तेवढा कमीच. वर्षभर पुसून वहिनी थकल्या आणि त्यांनी वर स्टीलचा पत्रा ठोकून घेतला. मी गेले की अजूनही चहा देतात. त्या भिंतीचा विषय काढत नाहीत.

शोरूममध्ये टाइल टेबलावर आडवी असते आणि डोक्यावर वीस दिवे. घरात ती उभी असते आणि दिवा एक. म्हणून मी आता मोरबीचा कितीही सुंदर माल आला तरी दोन तुकडे घरी न्यायला लावते. ओट्यावर भिंतीला टेकवा, तेलाचा हात लावा, पाणी शिंपडा, रात्री आठ वाजता बघा. खाणींच्या बाजूला घर असेल तर खरबरीत टाइल नकोच. कोळशाची भुकटी आणि तेल एकदा तिच्या खाचांत बसलं की निघत नाही. बहुतेक घरी शेवटी फिकट, अर्धवट चमकेची साधी टाइल ठरते. फळांच्या टोपलीचं चित्र असलेली अजूनही विकली जाते. मी तिला नावं ठेवणं सोडलंय.

बाकीचं मिस्त्रीच्या हातात. मे महिन्यात पारा सत्तेचाळीसवर जातो, तेव्हा आमचं काम सकाळी सहाला सुरू होतं, कारण उन्हं वर आली की कालवलेला माल हाताखालीच सुकतो. सिरॅमिकची टाइल तहानलेली असते. बुडबुडे थांबेपर्यंत ती पाण्यात ठेवावीच लागते, नाहीतर सिमेंटमधलं पाणी तीच पिऊन टाकते. व्हिट्रिफाइड अर्धा टक्काही पाणी पीत नाही, म्हणून तिला नुसतं सिमेंट धरत नाही, केमिकल लागतं. दुसऱ्या दिवशी मिस्त्री नाण्यानं टकटक करत फिरतो. पोकळ आवाज आला की आमची दोघांची तोंडं उतरतात. जॉइंट व्हाइट सिमेंटनं भरले तर पोळ्याच्या आत हळदीनं पिवळे होतात. चुलीमागे तरी इपॉक्सीच भरावं.

१९२६ साली मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंनी फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी एक चिंचोळं स्वयंपाकघर आखलं. आजच्या मॉड्युलर किचनची ती पणजीच. त्यात दिवा छताच्या रुळावरून सरकायचा. हात जिथे, दिवा तिथे. कपाटं निळसर, कारण त्या रंगावर माश्या बसत नाहीत असा तेव्हाचा समज. माश्यांचं वाचून मला हसू आलं, कारण आरमोरीत माझंही घोडं किड्यांवरच अडलं होतं. जंगलाकडच्या गावात पावसाळ्याच्या रात्री पांढरा दिवा लावून पाहा. पाच मिनिटांत वरणात पंख तरंगतात. पिवळ्या उजेडावर ते कमी येतात. शेवटी दोन बटणं दिली, निवडण्या-चिरण्याला पांढरं, रात्रीच्या जेवणाला पिवळं. तिसरा दिवा आजींनी मागून घेतला, मागच्या दारावर, सांदवाडीत उजेड पडेल असा. भांडी घासायला उतरण्याआधी पायरीवर काही वेटोळं घालून बसलंय का, आणि कुंपणापलीकडे काही चमकतंय का, ते आतूनच दिसलं पाहिजे. माझ्या कुठल्याच नकाशात हा दिवा नव्हता.

फिकट शेवाळी टाइल ठरली, ओट्यापासून कपाटापर्यंत आणि देव्हाऱ्याच्या भिंतीवरही. मिस्त्रीनं ओळंबा लावला, पहिली रांग बसली. आजी काठी टेकत आल्या, देव्हाऱ्याच्या भिंतीपाशी थांबल्या.

"अन् जिवती कुठं चिकटवू?"

आषाढी अमावास्येला दिवे घासून मांडतात आणि जिवतीचा कागद भिंतीला लावतात. चकचकीत टाइलवर डिंक टिकत नाही. मिस्त्री माझ्याकडे बघत राहिला. मी पेन्सिल घेतली आणि देव्हाऱ्याशेजारी वीतभर रुंद, दीड वीत उंच चौकोन काढला. तेवढी भिंत आम्ही चुन्याची ठेवली.