वाकडी क्लिक

टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत दर आठवड्याला माझ्या वाट्याला दुसऱ्याचं गाणं यायचं. मूळ गाण्यातल्या जागा जशाच्या तशा घ्यायच्या आणि दोन-तीन मिनिटांत परीक्षकांची दाद मिळवायची. ती तालीम आजही माझ्या कामी येते. 2009 मध्ये आळंदीच्या कार्तिकी गायकवाडनं ‘सा रे ग म प लिटिल चॅम्प्स’ जिंकलं, तेव्हा अभंग-गवळणी गाणाऱ्या आम्हा मुलींना केवढा धीर आला होता!

स्पर्धेनंतर कार्यक्रम भरपूर मिळाले, पण फर्माईश व्हायची ती टीव्हीवर गाजलेल्या गाण्यांचीच. मला मात्र आजीच्या ओव्यांची चाल धरून, गिटारवर, स्वतःचे शब्द गायचे होते.

खरी परीक्षा स्टुडिओत झाली. जात्यावरची ओवी दळणाच्या लयीत चालते. खुंटा ओढला की ओळ पुढे जाते, मूठभर दाणे घालायला हात वळला की ती जराशी रेंगाळते. हेडफोनमधली क्लिक, म्हणजे ताल मोजणारी टिकटिक, कुणासाठी थांबत नाही. तिच्यावर गायलेला पहिला टेक अगदी तालात होता, पण त्यातलं दळण थांबलं होतं. आमच्या संगीत संयोजकानं क्लिक बंद केली. मी गिटार घेऊन मोकळं गायले. मग त्यानं माझ्या गाण्यातल्या मात्रा एकेक करून कॉम्प्युटरवर मांडल्या आणि माझ्याबरोबर रेंगाळणारी, माझ्याबरोबर धावणारी वाकडी क्लिक तयार केली. बाकीचे वादक तिच्यावर वाजले. या कामात अख्खी दुपार गेली. लोकसंगीतावर पॉप बेतणाऱ्या प्रत्येकानं ती दुपार खर्च करावी, असं माझं ठाम मत आहे.

त्या दिवशी पाऊस होता. दिमडीचं कातडं सैल पडलं होतं. वाजवणारे काका ती दिव्याच्या उबेला धरून शेकत, कडेला टिचकी मारून कान लावत. सूर चढेपर्यंत आम्ही सगळे थांबलो. संगणकातली तयार दिमडी कुणी सुचवली नाही, याचा मला आजही आनंद वाटतो.

गाताना माइक ओठांपासून वीतभर अंतरावर. मागच्या रांगेपर्यंत पोचवायचा आवाज तिथे नको होता. श्वासही ऐकू येत होते. ते कापू नका, असं मी सांगितलं.

गाणं प्रकाशित करताना कागदपत्रं आली. शब्द आणि चाल कंपनीला देऊन टाकली तरी गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा 2012 च्या कॉपीराइट दुरुस्तीनं राखून ठेवला आहे. स्पर्धेत दुसऱ्यांची गाणी गाताना हे समजायचं काही कारण नव्हतं. पण जी चाल आजीकडून आली, ती माझी कशी? अभ्यासक हेमा राईरकर आणि गी पॉटवँ यांच्या पुढाकारानं जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या, त्यात गाणाऱ्या बायांची आणि गावांची नावंही नोंदली गेली. मग मीही चालीपुढे ‘पारंपरिक’ लिहिलं, त्याखाली आजीचं नाव दिलं आणि वादकांच्या यादीत दिमडीवाल्या काकांचं.

स्पर्धेतून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींना एवढंच सांगते: स्वतःचं गाणं लिहा, करार वाचल्याशिवाय सही करू नका आणि ज्यांच्याकडून चाल घेतली त्यांचं नाव गाण्याखाली लिहा.