छत्तीस चित्रांची ओहोटी

सातपाटीच्या खाडीत गाळ इतका साठलाय की मोठ्या बोटी भरतीच्या पाण्यावरच आत येतात आणि भरतीलाच बाहेर पडतात. इथल्या मुलांना घड्याळाआधी पाण्याची वेळ कळते. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा ढोबळ तास हाती येतो; पौर्णिमेला पंधराचे सव्वाअकरा. कोकण किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हा हिशेब. मुलांबरोबर एका घराच्या पडवीत घेतलेल्या आमच्या कार्यशाळेची आखणी त्यावरच झाली.

फिल्मच्या कॅमेऱ्याने काढलेले स्थिर फोटो एकामागोमाग लावायचे आणि त्यांतून हलतं चित्र करायचं, एवढंच काम. रोलमध्ये फोटो छत्तीस. भरतीपासून ओहोटीपर्यंत साधारण सव्वासहा तास जातात. दर दहा मिनिटांनी एक फोटो घेतला, तर जवळजवळ सगळी ओहोटी एका रोलमध्ये मावते. मोबाइलवर हजार फोटो काढता आले असते. पण छत्तीसच आहेत म्हटल्यावर मुलं पाण्याकडे नीट पाहू लागली. पाणी सुरुवातीला रेंगाळतं, मधल्या दोन तासांत झपाट्याने उतरतं, शेवटी पुन्हा मंदावतं. एका मुलाने सुचवलं, मधे पाच-पाच मिनिटांनी घेऊ या, तिथेच तर सगळं घडतंय. त्यावर दुसरी मुलगी म्हणाली, ‘मग पाणी सगळा वेळ सारख्याच वेगाने उतरल्यासारखं दिसेल.’ मला ते वाक्य फार मोलाचं वाटलं. दोन चित्रांमधलं अंतर सारखं ठेवलं, तरच पाण्याची घाई दिसते. आम्ही दहा मिनिटं सोडली नाहीत.

शटर आणि छिद्र दुपारच्या उन्हाला बांधून ठेवलं. दर फोटोला उजेड नव्याने जुळवला असता तर चित्र लुकलुकलं असतं, आणि सांज झालीच नसती. शेवटचे फोटो काळवंडले. ते तसेच ठेवले. फिल्म धुण्याच्या रसायनाला वीस अंश तापमान लागतं आणि सातपाटीत नळाचं पाणी हिवाळ्यातही त्याहून गरम. त्यावर उपाय गावातच होता. मासळीसाठी बोटींवर चढतो तो बर्फ एका घमेल्यात घेतला आणि रसायनाचा डबा त्यात बसवला. पडवीत हायपोचा वास आणि बाहेर सुक्या मासळीचा. नंतर प्रत्येक फोटो स्कॅन करून एकावर एक ठेवायचा, तेव्हा एक न हलणारी खूण लागते. आमची खूण होती चिखलात रोवलेला एक खुंट. त्याला धरून छत्तीस चित्रं बसवली आणि सेकंदाला बारा या वेगाने सोडली. तीन सेकंदांत खाडी रिकामी झाली.

दादासाहेब फाळके 1912 साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन परतले, तेव्हा त्यांनी आधी कुंडीतल्या वाटाण्याचं चित्रीकरण केलं. ‘अंकुराची वाढ’ ही ती छोटी फिल्म. दाणा फुटून वेल होण्याला लागलेले कितीतरी दिवस त्यांनी काही क्षणांत आणले, आणि ते पाहून भांडवल द्यायला माणूस तयार झाला. पुढच्या वर्षी ‘राजा हरिश्चंद्र’ आला. मला नेहमी वाटतं, भारतीय सिनेमाची खरी सुरुवात हरिश्चंद्राच्या दरबारात नसून त्या कुंडीत आहे. छायाचित्रकार मायब्रिजने 1878 मध्ये अमेरिकेत नेमकं उलट केलं होतं. घोड्याच्या वाटेवर ओळीने कॅमेरे लावून, डोळ्याला न सापडणारी धाव त्याने तुकड्यातुकड्यांनी पकडली.

ओहोटीनंतरच्या दुसऱ्या चित्रात आमच्यापुढची अडचण मायब्रिजची होती, आणि कॅमेरा एकच.

रुपेरी पापलेट 2023 मध्ये महाराष्ट्राचा राज्यमासा झाला, आणि सातपाटीचं नाव पापलेटशीच जोडलेलं आहे. पण मुलांना हवे होते बोंबील. वाळवणाच्या वलांडीवर बोंबील घालताना एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवतात आणि जोडी दोरीवर टाकतात. हात इतके झरझर चालतात की आपण अंगठ्याने फिल्म पुढे सरकवेपर्यंत जोडी वर गेलेली असते. सलग टिपणं अशक्य. मग एका मुलीच्या लक्षात आलं की बोंबील घालणारी मावशी तीच हालचाल सकाळभर करणार आहे. पहिल्या जोडीला पाटीतून उचलणारा हात टिपायचा, पुढच्या कुठल्यातरी जोडीला उघडलेला जबडा, त्यापुढच्या एखादीला अडकवताना वळलेलं मनगट. मावशीची परवानगी घेतली. ती म्हणाली, ‘घ्या, पण मी थांबायची नाही.’ तेच तर हवं होतं.

ज्या क्रमाने फोटो निघाले तो क्रम निरुपयोगी होता. सगळे फोटो छोट्या आकारात असलेली कॉन्टॅक्ट शीट कापून चिठ्ठ्या केल्या, जमिनीवर पसरल्या आणि हातांच्या स्थितीवरून लावायला बसलो. तयार झालं ते एका जोडीचं चित्र नाही. दर चित्रात बोंबील वेगळा. ऊन चित्रागणिक मागेपुढे उडी मारतं, सावल्या नाचतात. तेवढं मनगटाचं वळण अखंड राहतं. सबंध सकाळ एका हालचालीत उतरली, आणि ती हालचाल जशी दिसली तशी कुठल्याही एका क्षणी झालेली नव्हती. ओहोटीच्या चित्राहून मला हे जास्त खरं वाटतं, कारण यात टिपलेलं आहे ते कसब.

दोन चिठ्ठ्यांचा क्रम मात्र कुणाला ठरवता येईना. दोन्हींत दोन्ही हात दोरीजवळ, बोटं जवळजवळ सारखीच. मावशीला विचारलं. तिने चिठ्ठ्या हातात न घेताच सांगितलं, ‘डावा हात आधी सोडला तर जोडी सुटेल ना रे. उजवा आधी.’ तसं लावलं आणि अडखळ गेली. मग तिने पडद्यावर पाहिलं आणि दुसरी दुरुस्ती सुचवली: एवढ्या भरभर ती करत नाही. वेग बारावरून दहावर आणला, मग आठवर. आठवर तिने ‘हां’ म्हटलं, पाटी उचलली आणि उरलेले बोंबील घालायला गेली.