एका 'ऱ'ची गोष्ट

गिट म्हणजे एकच सॉफ्टवेअर असं आपण धरून चालतो. पण सी भाषेतलं मूळ गिट (२००५) वेगळं, जावातलं जेगिट वेगळं, लिबगिट२ आणखी वेगळं. तिघांनाही तोच फोल्डर दिला तर ४० अक्षरी हॅश तंतोतंत तोच आला पाहिजे. एक बाइट इकडचा तिकडे झाला की संपलं.

आमच्या घरच्या कामात हे बिनसलं ते 'ऱ'वर. आजोबांची पैठणच्या नाथषष्ठीची टिपणं मी इथे छत्रपती संभाजीनगरात लिनक्सवर उतरवतो आणि आत्या तिच्या जुन्या मॅकवर तपासते. 'दुसऱ्या वर्षीची वारी' ही फाइल तिच्याकडून परत आली, तर माझ्याकडे त्याच नावाच्या दोन फाइली! मजकुराचे हॅश जुळत होते, फोल्डरचा मात्र जुळेना. आत्या म्हणाली, "अरे, मी नावाला हातसुद्धा लावला नाही." आणि ते खरंच होतं.

मॅकची जुनी एचएफएस प्लस ही फाइल सिस्टिम 'ऱ' फोडून ठेवते: र आणि वर नुक्ता. ३ बाइटचे ६ होतात. डोळ्यांना काही दिसत नाही, पण गिट नाव वाचत नाही, बाइट मोजतं. यावर २०१२ मध्ये १.७.१२ या आवृत्तीत प्रीकंपोझ-युनिकोड ही सोय आली. आत्याचं गिट त्याआधीचं. गंमत म्हणजे या सोयीची गिटची स्वतःची चाचणी बघितली, तर तीत अक्षरं जर्मन वळणाची, डोक्यावर दोन टिंबं असलेली. ज्याच्या गावी 'शेतकऱ्यांचे' लिहावं लागत नाही, त्याला 'ऱ' सुचणार तरी कसा?

मग मीच चाचणी लिहिली. दुसऱ्या, शेतकऱ्यांचे, मऱ्हाठी अशा नावांच्या फाइली करायच्या, प्रत्येक गिटमधून फिरवायच्या, हॅश ताडायचे. त्यात एक तिसराच प्रकार हाती लागला. जुन्या कीबोर्डांवर बरेच जण र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह टाकून हेच अक्षर काढायचे. दिसायला तेच! पण युनिकोडच्या लेखी हे दोन्ही समान नाहीतच, त्यामुळे कुठलंही नॉर्मलायझेशन त्यांना एक करत नाही.

एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाठ शुद्ध केला. त्यांना पाठभेद निदान दिसत तरी होते.. असो. आत्याच्या मॅकवर नवं गिट चढवलंय. अदृश्य चिन्हाच्या फाइली मात्र एकेक उघडून हातानेच बदलतोय.