बॅटरीचं पाणी

माझ्या लहानपणी असोद्यात बॅटरी म्हटली की दोन सेलांची हातबॅटरी. रात्री केळीला पाणी भरायला निघालं की ती हातात असायची. तेजाबाची, सहा बुचांची जड बॅटरी गावाने पाहिली ती ट्रॅक्टरबरोबर. १९८७ साली दूरदर्शनवर रामायण सुरू झालं. रविवारी सकाळी लाइन गेली की कोणीतरी ट्रॅक्टरची बॅटरी काढून टी.व्ही.ला जोडायचं. सारी गल्ली रामायण पाहायची आणि सोमवारी तीच गल्ली ट्रॅक्टरला धक्का मारायची.

असं का होतं, हे मला पुष्कळ वर्षांनी भाच्याने सांगितलं. तो नौदलात आहे. २००९ च्या ऑगस्टमध्ये कमांडर दिलीप दोंदे गोव्यात बांधलेली ‘म्हादेई’ ही शिडाची होडी घेऊन मुंबईहून एकटे निघाले आणि २०१० च्या मे महिन्यात पृथ्वीला वळसा घालून परत आले. पेपरात ते वाचून मी भाच्याला विचारलं, “काय रे, होडी वाऱ्यावर चालते ते समजलं. पण रात्री दिवा कशावर लावता?”

“बॅटरीवर, मामा. दिवा, वायरलेस, दिशा दाखवायचं यंत्र, सारं तिच्यावरच. लहान होडीवरही दोन बॅटऱ्या वेगळ्या ठेवतात. एक फक्त इंजिन चालू करायले, दुसरी घरखर्चाले. पहिलीले घरखर्चात धरायचं नाही.”

कारण दोघींची घडण वेगळी. इंजिनाच्या बॅटरीच्या आतल्या पट्ट्या पातळ असतात. ती एका दमात मोठा जोर लावते, पण तिला रिकामं केलेलं सोसत नाही. घरखर्चाच्या बॅटरीच्या पट्ट्या जाड. ती थोडं थोडं बराच वेळ देते. तिच्यातूनही निम्म्याच्या वर काढू नये, म्हणजे ती जास्त वर्षं टिकते. समुद्रात वायरमन येत नाही. म्हणून होडीवाले सूर्याच्या पाटीतून किती आलं आणि किती गेलं, याचा रोज हिशेब ठेवतात.

आमच्याकडे तेव्हा दिवसाला दहा-बारा तास लोडशेडिंग असायचं. मायला दम्याचा त्रास. दवाखान्यातून वाफ घ्यायचं मशीन आणलं, पण ते विजेवर चालणारं. मग इन्व्हर्टर घेतला, दीडशे ॲम्पिअरची जाड पट्ट्यांची बॅटरी घेतली आणि होडीवाल्यासारखी वही घातली.

बॅटरीची निगा म्हणजे फार मोठं काम नाही, पण ते नेमाने करावं लागतं. आमच्याकडे अमावास्येला औत धरत नाहीत, म्हणून मी तोच दिवस ठरवला. बुचं उघडून पाणी बघायचं. कमी असेल तर डिस्टिल्ड वॉटरच घालायचं, खुणेच्या वर नाही. आमचं बोअरचं पाणी क्षाराचं, ते आतल्या पट्ट्यांना खातं. तेजाबही वरून ओतायचं नाही, कारण उडून जातं ते पाणी, तेजाब आतच राहतं. जळगावचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांवर जातो, तेव्हा पाणी लवकर आटतं आणि बॅटरीचं आयुष्यही घटतं. म्हणून ती पत्र्याखाली न ठेवता सावलीत, वारा खेळेल अशा जागी ठेवली. चार्जिंग होताना तिच्यातून पेटणारा वायू निघतो. तिच्याजवळ बिडी-काडी नको. टोकांवर पांढरं-हिरवं साचलं की सोड्याच्या पाण्याने पुसायचं, कोरडं करायचं आणि व्हॅसलीन लावायचं. उतरलेली बॅटरी तशीच पडू द्यायची नाही, आतला थर दगडासारखा बसतो आणि मग ती चार्ज घेत नाही. फवारणीचे पंप हंगाम संपल्यावर कोपऱ्यात ठेवले की पुढच्या हंगामात चालत नाहीत, ते बहुतेक याच्यानेच.

एका जूनच्या सुरुवातीला वादळ आलं. केळीचे बाग आडवे झाले, खांब पडले. लाइन तीन दिवस येणार नाही असं कळलं. त्या धुळीने मायचा दमा वाढला. मी वही काढली. दीडशेचे निम्मे पंच्याहत्तर. मशीन पंधरा मिनिटं, दिवसातून चार वेळा, म्हणजे रोजचे पंधरा. एक लहान दिवा पाच तास, त्याचे चार-पाच. तीन दिवसांचे साठ. पण एक पंखा रात्रभर चालवला तर एका रात्रीतच साठ जातात. इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी तोही स्वतः पीत राहतो.

बायको म्हणाली, “अहो, एवढ्या उकाड्यात त्यांना पंख्याशिवाय कसं झोपवायचं?”

मी काही बोलायच्या आत माय म्हणाली, “बंद कर रे तो पंखा. वारा काय, अंगणातही भेटते. मशीनले ठेव.”

आम्ही तिची खाट अंगणात काढली. बायको आणि मी पाळीपाळीने पंख्याने वारा घालत बसलो. मशीन झालं की इन्व्हर्टरचं बटण बंद. शेजारच्या पोराने मोबाइल चार्ज करायला आणला, त्याला मी नाही म्हटलं. त्याला राग आला, येऊ द्या. रात्री दोनला मायला धाप लागली. मशीन लावलं, पंधरा मिनिटांत श्वास बसला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बॅटरी थोडा वेळ मोकळी ठेवून मीटर लावला. बारा पूर्णांक तीन. भरलेली असली की बारा पूर्णांक सहाच्या वर दाखवते, निम्मी झाली की बारा पूर्णांक दोन. त्या रात्रीपुरतं अजून शिल्लक होतं. लाइन चौथ्या दिवशी आली.

लोक दुकानात विचारतात, मोठ्यातली मोठी बॅटरी कोणती? घ्यावी, ऐपत असेल तर. पण किती काढायचं हे ज्या घराला माहीत नाही, त्याला मोठीही पुरत नाही. आणि अडचणीच्या वेळी काय बंद करायचं, हे घरातल्या सगळ्यांना आधीच माहीत पाहिजे.

माय पुढे चार वर्षं जगली. मशीन आता गल्लीतल्या दुसऱ्या घरी आहे. तिथल्या सुनेला मी पाण्याची खूण दाखवून ठेवली आहे आणि अमावास्येचा दिवसही सांगितला आहे.