वाघ्या चावत होता, कारण भेत होता

रिसोडकडं आमचं वावर. रात्री रोही अन् रानडुकरं तुरीत घुसतात, म्हणून जागलीला वाघ्या. पिल्लू असताना गावातल्या कुत्र्यांनी त्याला फाडलं होतं. तेव्हापासून दुसरं कुत्रं दिसलं की साखळी तोडायला बघे.

सोयाबीन सोंगणीत त्यानं शेजाऱ्याच्या कुत्र्याचा कान फाडला. सोडवताना माझ्या हाताला दात लागला. जखम पंधरा मिनिटं साबण लावून वाहत्या पाण्यात धुतली, रेबीजच्या सुया घेतल्या. शेजारी मात्र बोलायचा बंद झाला.

मित्रांनो, चूक माझीच. कुत्रं दिसलं की मी वाघ्याला काठी हाणायचो. त्यानं एवढंच धरलं, की दुसरं कुत्रं आलं म्हणजे मार बसतो. डॉक्टर म्हणाले, शेपूट बघा. खरंच, भुंकताना शेपूट पोटाखाली, कान मागं.

आधी लस टोचली. मग शेजाऱ्याला हात जोडले. त्याचं कुत्रं धुऱ्यावर बांधलेलं, आम्ही पन्नास पावलं लांब विहिरीपाशी. ते दिसलं की भाकरीचा तुकडा, आड झालं की बंद. साखळी सैल. गुरगुरला तर मारायचं नाही, दहा पावलं मागं यायचं. आठवड्याला चार-पाच पावलं पुढं सरकलो. मधेच एक भटकं कुत्रं अंगावर आलं अन् पंधरा दिवसांची मेहनत मातीत.

तूर निघाली तेव्हा दोघं एका धुऱ्यावर बसू लागले. जेवण अजून वेगळंच देतो. नवीन कुत्रं आलं तर पुन्हा विहिरीपासून सुरुवात.