न छेडलेला गंधार

तानपुऱ्यावर गंधाराची तार नसते. पंचम, जोडाचे दोन षड्ज आणि खर्ज, एवढ्याच तारा. तरी जवारी, म्हणजे घोडीवर तारेला मिळणारी झणकार, नीट लागली असेल तर खर्जातून तार सप्तकातला शुद्ध गंधार निघतो. आम्ही त्याला स्वयंभू गंधार म्हणतो.

तो खरोखर असतो की तालमीच्या कानाला भासतो, असं नवे विद्यार्थी विचारतात. प्रश्न रास्त आहे. मी त्यांना खर्जाच्या लांबीच्या पाचव्या हिश्श्यावर बोट अलगद टेकवून तार छेडायला सांगते. बाकीचे नाद गळतात, गंधार उरतो. मग बोट काढून तीच तार मोकळी छेडली की तो आतून ऐकू येऊ लागतो.

तार तीच, कान तोच. मग मधल्या वेळात बदललं काय? व्याकरणकार भर्तृहरीच्या मते शब्दाने न विणलेलं ज्ञान जगात नाहीच. बौद्ध तार्किक दिङ्नाग उलट सांगतो: नाव, जाती अशा कल्पना चिकटण्याआधीचं तेच प्रत्यक्ष. मला न्यायदर्शनाचे नैयायिक पटतात. आधी नावाविना निर्विकल्प, मग नावासह सविकल्प, आणि दोन्ही प्रत्यक्षच. नावामुळे गंधार हाती लागतो, जन्माला येत नाही. कारण तो माझ्या मर्जीने हलत नाही. सप्तकाचे १२०० सेंट धरले तर तो ३८६च्या आसपास बसतो, हार्मोनियमचा ४००वर. हार्मोनियमच्या सवयीने चढा गंधार लावला की तो तानपुऱ्याशी घासतो, मग त्यालाही गंधार म्हणत असलो तरी. भौतिकशास्त्रज्ञ सी. व्ही. रामन यांनी १९२१मध्ये लिहिलं, की छेडण्याच्या जागेमुळे जो उपस्वर उमटायला नको, तोही तानपुऱ्यात उमटतो. किमया घोडीच्या पसरट माथ्याची आणि तारेखालच्या धाग्याची.

खरा पेच मालकंस रागात पडतो. तिथे पंचमाची तार मध्यमात मिळवतात. रागाला गंधार आणि धैवत कोमल हवेत, आणि खर्जातून शुद्ध गंधार, मध्यमातून शुद्ध धैवत निघतच राहतात. दोन्ही रागाबाहेरचे. तरी मैफलीत ते सहसा कुणाला खटकत नाहीत. राग मनात इतका भरलेला असतो, की कानावर पडणारंही कानात शिरत नाही. इथे भर्तृहरी माझ्या फार जवळ येतो, आणि नैयायिकांची बाजू मला पूर्वीइतकी ठामपणे मांडता येत नाही.

तरीही मालकंसाआधी मी खर्जाचा धागा किंचित सरकवून जवारी थोडी बंद करते. सगळं मनावर सोपवायची माझी तयारी नाही.